'प्रदेशनिष्ठ' म्हणजे नेमके काय? फलक, नोंदवही आणि लेखात हा शब्द कसा वापरावा (चर्चेचा धागा; लिहिणाऱ्याचे टोपणनाव आधी)

कातळफूल

गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या सजीवांच्या नोंदींच्या वह्या, तयार होत आहेत. सड्यांवर (कातळी पठारांवर), किल्ल्यांवर, देवरायांत माहितीफलक लागत आहेत. काम चांगले आहे, म्हणूनच त्यातला एक शब्द नीट वापरला जावा असे मनापासून वाटते. तो शब्द म्हणजे 'प्रदेशनिष्ठ'. सध्या काहीही दुर्मीळ दिसले की ते प्रदेशनिष्ठ ठरते. देशी झाड असले तरी प्रदेशनिष्ठ, राज्यपक्षी असला तरी प्रदेशनिष्ठ.

अर्थ एका वाक्यात मावतो. एखादा सजीव नैसर्गिकरीत्या एका ठरावीक प्रदेशात आढळतो आणि जगात त्या प्रदेशाबाहेर कुठेही आढळत नाही, तर तो त्या प्रदेशाला प्रदेशनिष्ठ. सगळा भार 'बाहेर कुठेही नाही' यावर आहे. 'इथे सापडतो' एवढेच सांगायचे असेल तर हा शब्द लागत नाही.

म्हणजे वाक्यात दोन जागा भरल्याच पाहिजेत. कोण, आणि कुठल्या प्रदेशाला. 'शेकरू प्रदेशनिष्ठ आहे' हे अर्धे वाक्य झाले. शेकरू भारताला प्रदेशनिष्ठ आहे, हे बरोबर. सह्याद्रीला नाही, कारण तो सातपुड्यात आणि पूर्व घाटातही आहे. राज्यप्राणी महाराष्ट्राचा असला तरी महाराष्ट्राला तर नाहीच. राज्यमानाचा आणि प्रदेशनिष्ठतेचा काही संबंध नसतो. हरियाल भारताबाहेर आग्नेय आशियापर्यंत आहे, ताम्हणही तसेच. २०१५ साली राज्यफुलपाखरू ठरलेले ब्लू मॉरमॉन दक्षिण भारतात आणि श्रीलंकेतही उडते. हे सगळे इथले अस्सल देशी जीव आहेत आणि 'देशी' हा त्यांच्यासाठी पुरेसा, मानाचा शब्द आहे.

उलट्या बाजूने गुलमोहर पाहा. आपल्याकडे एकही शहर त्याच्याशिवाय नाही. तरीही शास्त्राच्या भाषेत गुलमोहर मादागास्करला प्रदेशनिष्ठ आहे, कारण माणसाने लावल्याशिवाय तो उगवला तो फक्त तिथल्या कोरड्या पानझडी जंगलांत. लागवडीने पसरलेला प्रदेश या हिशोबात धरत नाहीत.

शब्दवेल्हाळ

शब्दाबद्दल थोडे. प्रदेशनिष्ठ हा 'एन्डेमिक'चा मराठी पर्याय, आणि 'एन्डेमिक' हा मुळात ग्रीक शब्द. 'एन' म्हणजे आत आणि 'डेमोस' म्हणजे लोक. वैद्यकात तो आधीपासून होता: एखाद्या भागात सतत टिकून राहिलेला रोग तो एन्डेमिक. तिथून तो वनस्पतींच्या भूगोलात आणला जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ पिराम द कँदोल यांनी, १८२० साली. दोन्ही शास्त्रांत अर्थ वेगळा झाला हे लक्षात ठेवावे लागते. हिवताप एखाद्या जिल्ह्यात एन्डेमिक आहे म्हणजे तो तिथे कायम ठाण मांडून आहे, जगात इतरत्र नाही असे नव्हे. करोनाच्या बातम्यांत हा शब्द आला तो याच वैद्यकीय अर्थाने. त्या बातम्यांतला अर्थ निसर्गाच्या लेखात उचलला की घोटाळा होतो.

'निष्ठा' वरून काहींना प्रश्न पडतो की झाडाला कसली आली निष्ठा. पण संस्कृतात 'निष्ठ' म्हणजे 'त्यात वसलेला, त्यावर स्थित'. नि आणि स्था. प्रदेशात वसलेला, हा मूळ अर्थ चपखल बसतो.

आता 'स्थानिक'. वर्तमानपत्रे एन्डेमिकला सर्रास 'स्थानिक' लिहितात. पक्षीनिरीक्षकांच्या मराठीत 'स्थानिक' हा शब्द आधीच घेतलेला आहे, स्थलांतरितच्या विरुद्ध, म्हणजे वर्षभर राहणारा. साळुंकी स्थानिक पक्षी आहे, प्रदेशनिष्ठ नाही. एकाच फलकावर 'स्थानिक' दोन अर्थांनी आला तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

आणखी एक. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' म्हणजे स्पीशीज. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत बऱ्याचदा 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट. प्रदेशनिष्ठतेत वर्गीकरणाची पायरी बदलली की विधानच बदलते, म्हणून कुठला अर्थ धरला ते एकदा लिहून टाकावे. या धाग्यात जाती म्हणजे स्पीशीज, प्रजाती म्हणजे जीनस असे धरू या.

रानवाटाड्या

पक्ष्यांच्या नावांनी फार फसगत होते, त्यात 'मलबारी' ही नावे आघाडीवर.

मलबारी राखी धनेश: सह्याद्रीला प्रदेशनिष्ठ. बरोबर.
मलबारी कवड्या धनेश: नावात मलबार असूनही मध्य भारतात आणि श्रीलंकेतही आहे. म्हणजे सह्याद्रीला नाही आणि भारतालाही नाही.
मलबारी शीळकरी कस्तूर: मुख्य वस्ती सह्याद्रीत, पण मध्य भारतातल्या आणि पूर्व घाटातल्या डोंगरांतही आहे. भारताला प्रदेशनिष्ठ म्हणा.

तिन्ही पक्षी सिंधुदुर्गाच्या एकाच जंगलात एका सकाळी दिसू शकतात आणि तिघांसाठी विधान वेगळे लिहावे लागते. नाव हे पुरावा नव्हे. ज्याने पहिल्यांदा वर्णन केले त्याच्या हाती नमुना कुठून आला, एवढेच नावातून कळते, कधी तेवढेही नाही.

श्रीलंका फ्रॉगमाउथ हा याहून मजेदार प्रकार आहे. गोव्याच्या जंगलांतही आहे. सह्याद्री आणि श्रीलंका एवढाच त्याचा पसारा. जैवविविधतेच्या जागतिक संवेदनक्षेत्रांच्या (हॉटस्पॉट) यादीत सह्याद्री आणि श्रीलंका हे मिळून एक क्षेत्र धरले जाते. त्या क्षेत्राला हा पक्षी प्रदेशनिष्ठ आहे, भारताला नाही. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

स्थलांतर करणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. काश्मिरी माशीमार वीण करतो काश्मीर आणि लगतच्या पश्चिम हिमालयात, हिवाळा काढतो श्रीलंकेत आणि निलगिरीच्या बाजूला. अशा वेळी 'विणीपुरता प्रदेशनिष्ठ' असे स्पष्ट लिहितात. पक्षीसंवर्धनाचे काम करणाऱ्या बर्डलाइफ संस्थेने प्रदेशनिष्ठ पक्षीक्षेत्रे ठरवली तीही विणीचा प्रदेश ५०,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असलेल्या पक्ष्यांवरून.

मृगशीर्ष

एक शंका. आंबोलीच्या हिरण्यकेशीतल्या माशाचे वर्णन २०२० मध्ये झाले, शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ जाहीर झाली. एकाच जागी सापडला म्हणजे तो त्या जागेला प्रदेशनिष्ठ, असे बिनधास्त लिहावे का?

कातळफूल

मृगशीर्ष, 'फक्त मूळ स्थळावरून ज्ञात' असे लिहा. दोन विधानांत मोठे अंतर आहे. ज्ञात म्हणजे आजवर शोधले तेवढ्यात सापडले. प्रदेशनिष्ठ म्हणजे आजूबाजूला पुरेसे शोधूनही इतरत्र नाही. नव्याने वर्णन झालेल्या जातीबाबत पहिले विधान नेहमी सुरक्षित असते. वारसास्थळ जाहीर करायला पहिले विधानही पुरते. संरक्षणासाठी शेजारचा प्रत्येक ओढा तपासून होईपर्यंत थांबायचे कारण नाही.

रानपिंगळ्याचे, म्हणजे एका छोट्या घुबडाचे, उदाहरण यासाठी मोलाचे आहे. पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याचे १८७३ मध्ये वर्णन केले. १८७२ ते १८८४ या काळातले फक्त सात नमुने संग्रहालयांत होते. त्यांत आणखी एक भर होती, ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्ट्झहागन याने गुजरातेतल्या मांडवीजवळ १९१४ मध्ये मिळवल्याचे सांगितलेला नमुना. तो खोटा निघाला. जुनाच नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावली होती. एका खोट्या चिठ्ठीने शोधाची दिशाच चुकली. ती नोंद बाजूला काढून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पक्षी पुन्हा सापडला. नंदुरबार जिल्हा १९९८ चा, त्यामुळे त्या वेळच्या नोंदीत धुळे जिल्हा दिसेल, गोंधळू नये. पुढे मेळघाटात सापडला, २०१४ मध्ये तानसा अभयारण्यात सापडला, डांगच्या बाजूलाही. 'मध्य भारताला प्रदेशनिष्ठ' हे विधान टिकले, पण प्रत्येक नोंदीनंतर त्याची पश्चिमेची कड सरकली. पक्षी तिकडे नव्याने गेला असे समजायचे कारण नाही. आपल्या माहितीची कड सरकली.

नकाशा_नीट

तपासायचे कसे ते सांगतो, कारण 'अमुक पुस्तकात लिहिलंय' यावर बरेच फलक रंगतात.

आधी नाव. आजचे मान्य नाव आणि जुनी सगळी समानार्थी नावे काढा. वनस्पतींसाठी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे 'प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन' हे संकेतस्थळ चालते. त्यातल्या नकाशात नैसर्गिक प्रदेश हिरवा आणि बाहेरून आलेला जांभळा दाखवतात. एक खाच मात्र लक्षात ठेवा. त्यांचे भूभाग ठरलेले आहेत. आसाम, पूर्व हिमालय, पश्चिम हिमालय वेगळे, बाकी जवळजवळ सगळा 'भारत' एकच तुकडा. कासच्या पठारावरच्या चिमुकल्या गेंदासाठीही अख्खा द्वीपकल्प हिरवा होतो. त्या नकाशावरून 'भारताबाहेर आहे की नाही' एवढे ठरवा, 'सह्याद्रीला आहे की नाही' हे ठरवू नका.

मग संग्रहालयांतले वाळवलेले नमुने. पुण्यातले भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे केंद्र, आघारकर संशोधन संस्था, मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. चिठ्ठीवरचे ठिकाण, तारीख आणि संग्राहक वाचा. जुन्या चिठ्ठ्यांत सापळे आहेत. हुकर आणि थॉमसन यांच्या संग्रहातल्या कितीतरी पानांवर छापील मजकूर आहे: 'मलबार, कोकण वगैरे. संग्राहक स्टॉक्स, लॉ वगैरे.' त्या एका चिठ्ठीत सगळी पश्चिम किनारपट्टी मावते. असा नमुना नकाशावर बिंदू म्हणून टाकायचाच नाही. कोणी तो केरळात टाकतो, कोणी रत्नागिरीत, आणि दोघांचे निष्कर्ष वेगळे येतात.

त्यानंतर जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता नोंदसंग्रहातल्या नोंदी. उतरवून घेतल्या की चाळणी लावा:
- अक्षांश-रेखांश शून्य-शून्य असलेल्या नोंदी काढा.
- जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या इमारतीवर पडलेल्या नोंदी काढा. तो पत्ता संग्राहकाचा असतो, झाडाचा नव्हे.
- बाग, रोपवाटिका, कुंडी यांतल्या नोंदी काढा. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे लोक फोटोसह नोंदी टाकतात त्या संकेतस्थळावर, 'लागवडीतले' अशी खूण असते, पण ती लावायची राहून जाते. फोटोच्या कडेला कुंडीची कड दिसते का ते बघा.
- छायाचित्रावरून जात ओळखता येत नाही अशा गटांत, उदाहरणार्थ गेंद, बी पाहिल्याशिवायची ओळख धरू नका.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते. संकटग्रस्त जातींच्या जागा आयनॅचरलिस्ट मुद्दाम झाकते. खरा बिंदू ज्या ०.२ अंश बाय ०.२ अंश चौकटीत पडतो, त्या चौकटीत कुठेही यादृच्छिक बिंदू दाखवते. आपल्या अक्षांशाला ही चौकट साधारण २२ बाय २१ किलोमीटरची. समजा एका सड्यावर एकाच जागी १४ नोंदी आहेत. वावराचे क्षेत्र, म्हणजे जाती प्रत्यक्ष जिथे आहे तेवढी जागा, मोजायला आययूसीएनची (संकटग्रस्त जातींची जागतिक यादी करणाऱ्या संस्थेची) पद्धत २ बाय २ किलोमीटरच्या चौकटींची, म्हणजे एक चौकट ४ चौरस किलोमीटर. एका चौकटीत कितीही नोंदी असोत, चौकट एकदाच धरायची. खरे उत्तर एक चौकट, ४ चौरस किलोमीटर. झाकलेले बिंदू तसेच वापरले तर १४ वेगळ्या चौकटी भरू शकतात: ५६ चौरस किलोमीटर, आणि तेही दरीत, धरणाच्या पाण्यात, शेजारच्या तालुक्यात. नोंदीच्या रकान्यात अचूकतेचा आकडा असतो. तो हजारो मीटरचा दिसला की ती नोंद मोजणीत घेऊ नका, ज्याने नोंद केली त्याच्याकडे खरी जागा मागा.

बाहेरच्या बिंदूंना जोडून होणाऱ्या बहुभुजाचे क्षेत्रफळ म्हणजे व्याप्ती. ती वावराच्या क्षेत्रापेक्षा कमी आली तर व्याप्तीही तेवढीच धरायची, असा नियम आहे.

तिळवण

वर शब्दवेल्हाळ यांनी पायरीचा मुद्दा काढला, त्याला शिवसुमनाइतके चांगले उदाहरण नाही.

शिवनेरीच्या कड्यावर वाढणारी ही गुबगुबीत खोडाची वनस्पती, लोकांच्या तोंडी शिंदळ माकुडी. कड्याच्या भेगेत, जिथे मूठभरही माती नाही, तिथे बोटाएवढ्या जाड फांद्या लोंबतात. पावसाळ्यात पाने धरते, कोरड्या दिवसांत ती गाळते. फूल पाच पाकळ्यांचे, चांदणीसारखे, गडद लाल, त्यावर पिवळे ठिपके. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलने तिला मुंबई प्रांताचे गव्हर्नर फ्रेअर यांच्या नावाने फ्रेरिया इंडिका म्हटले. फ्रेरिया या प्रजातीत जात एकच, म्हणून 'महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ असलेली अख्खी प्रजाती' असे अभिमानाने लिहिले जाई. पुढे वर्गीकरणकारांनी तिला कॅरालुमा या प्रजातीत नेले, मग बौसेरोसियात. प्रजातीच्या पायरीवरची प्रदेशनिष्ठता संपली. कड्यावरचे एकही रोप हलले नाही. जातीच्या पायरीवर ती आजही महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ आहे. म्हणून फलकावर 'प्रजाती' लिहायची असेल तर कुठले वर्गीकरण धरले ते सांगा, नाहीतर जातीवर थांबा.

दुसरे, शिवसुमन जगभरच्या गुबगुबीत वनस्पतींच्या शौकिनांकडे कुंडीत आहे. 'आता ती परदेशातही आहे, मग प्रदेशनिष्ठ कशी' हा प्रश्न येतो. गुलमोहराचे उत्तर इथेही लागू: कुंडी मोजत नाहीत. तिच्या मूळ कड्यावर तिचे पुनर्रोपण केले तर नोंदवहीत 'पुनर्रोपित' असा वेगळा रकाना करा, नैसर्गिक रोपांत मिसळू नका. दहा वर्षांनी मोजणाऱ्याला फरक कळणार नाही.

पायरी वरच्या बाजूलाही जाते. आंबोलीच्या भेकाचे (टोड) वर्णन २००९ मध्ये झाले तेव्हा त्याच्यासाठी आणि कोयनेच्या भेकासाठी झँथोफ्रिनी ही प्रजाती केली गेली. ती प्रजातीच उत्तर सह्याद्रीला प्रदेशनिष्ठ आहे. २००३ मध्ये वर्णन झालेला जांभळा बेडूक तर कुलाच्या, म्हणजे प्रजातींच्या गटाच्या, पायरीवर प्रदेशनिष्ठ, दक्षिण सह्याद्रीत. त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. हा जुना प्रदेशनिष्ठ: भूखंड फुटले, बाकीची भावकी संपली, हा शाखेचा शेवटचा वारस राहिला. सह्याद्रीतल्या कित्येक कंदीलपुष्पांना बहुधा याच्या उलट धरतात: एका डोंगरावर, एका सड्यावर वेगळी झालेली आणि अजून बाहेर न पसरलेली, म्हणजे नवे प्रदेशनिष्ठ. दोघांचा पसारा लहानच, कारण मात्र वेगवेगळे.

मृगशीर्ष

म्हणजे प्रदेशनिष्ठ असला की संकटग्रस्तच, असे धरून चालत नाही?

नकाशा_नीट

नाही. शेकरू भारताला प्रदेशनिष्ठ आहे, पण जागतिक यादीत तो संकटग्रस्त नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी गिधाडे प्रदेशनिष्ठ नसताना संकटाच्या टोकाला गेली.

लहान प्रदेशामुळे धोका वाढतो हे खरे, म्हणून आययूसीएनच्या निकषांत क्षेत्र आहे. व्याप्ती १०० चौरस किलोमीटरच्या आत असेल तर अतिसंकटग्रस्ताची शक्यता, ५,००० च्या आत संकटग्रस्त, २०,००० च्या आत असुरक्षित. वावराच्या क्षेत्रासाठी हेच आकडे १०, ५०० आणि २,०००. पण नुसत्या क्षेत्रावर वर्ग ठरत नाही. सोबत तीनपैकी दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तुकडे पडणे किंवा ठिकाणे मोजकी असणे, सतत घट, आणि संख्येतले टोकाचे चढउतार. बरेच जण क्षेत्र मोजून थेट 'अतिसंकटग्रस्त' लिहितात. सड्यावरची फुले शेकडो वर्षे त्याच दोन सड्यांवर सुखाने असतील तर लहान क्षेत्र हा त्यांचा स्वभाव आहे, आजार नव्हे. चिऱ्याच्या खाणी सुरू झाल्या, गाड्या सड्यावर चढल्या, की घटीचा पुरावा मिळतो. तो मोजून, तारखेसह लिहा.

रानवाटाड्या

यात राजकीय सीमेचा मुद्दा राहिला. 'महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ' हे प्रशासनासाठी उपयोगी, कारण जबाबदारी राज्याची ठरते. पण तिलारीच्या पलीकडे तोच कातळ, तोच पाऊस गोव्यात आणि कर्नाटकात आहे. वनस्पतीला तपासणी नाका माहीत नसतो. शक्य तिथे 'उत्तर सह्याद्री', 'कोकणातले कातळसडे' असा नैसर्गिक प्रदेश लिहावा आणि मग त्यातले जिल्हे.

कातळफूल

पटले. आतापर्यंतच्या चर्चेवरून नोंदवहीच्या रकान्यांचा मसुदा असा करतो. प्रत्येक जातीसमोर: मान्य शास्त्रीय नाव, गावातले नाव, देशी की बाहेरून आलेली, प्रदेशनिष्ठ असल्यास कोणत्या प्रदेशाला, आधार नमुना की छायाचित्र, नोंदीची तारीख. नमुन्यादाखल ओळी:

शेकरू. देशी. जाती भारताला प्रदेशनिष्ठ. सह्याद्री, सातपुडा, पूर्व घाट.
ताम्हण. देशी. प्रदेशनिष्ठ नाही.
घाणेरी. बाहेरून आलेली, मूळ उष्णकटिबंधीय अमेरिका. आक्रमक.
गुलमोहर. लागवडीतला, मूळ मादागास्कर.
वायतुरा. देशी. जाती उत्तर सह्याद्रीला प्रदेशनिष्ठ, साताऱ्याकडच्या पठारांवर साचलेल्या पाण्यात.
शिवसुमन. देशी. जाती महाराष्ट्राला प्रदेशनिष्ठ, कड्यांवर.

तिळवण

शेवटच्या ओळीत किल्ल्याचे नाव येऊ द्या, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण कड्याची बाजू, वाट, अक्षांश-रेखांश फलकावर नकोत. नोंदवहीच्या गावातल्या प्रतीत ठेवा, छापील प्रतीत फक्त तालुका द्या. कंदीलपुष्पांचे कंद आणि शिवसुमनाच्या फांद्या उपटून नेणारे लोक फलक वाचूनच जागा शोधतात.